अल्विनाची उजवी बाजू

येत्या सप्टेंबरात आमच्या एलरझाइफनच्या ढालीला चाळीस वर्षं होतात. म्हणून सरपंचबाईंनी मला अल्विना राउशवर दोन पानं लिहून द्यायला सांगितली. "मास्तर, तुमच्याइतकं तिला कोण ओळखत होतं?" म्हणाल्या. खरं आहे. ती जाईपर्यंत त्रेसष्ट वर्षं मी तिच्यावर जळलो, आणि ज्याच्यावर जळतो त्याची खडानखडा माहिती माणूस ठेवतोच. माझ्यावर दोन पानं कोण लिहिणार आहे, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

ढाल म्हणजे गावाचं चिन्ह. वस्ती चारशे बारा, पण ढाल आहे. अग्निशमन दलाच्या बंबावर आहे, बस थांब्यावर आहे, मधाच्या बरण्यांवर आहे. सकाळी खिडकी उघडली की समोरच्या पाटीवरून ती माझ्याकडे बघते. चंदेरी जमिनीवर लाल क्रॉस, लाल जमिनीवर सोनेरी सिंह आणि दोघांच्या मधून खाली उतरणारा निळा नागमोडी पट्टा. दिसायला देखणी आहे. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

निळा पट्टा म्हणजे आमचा ओढा. वेस्टरवाल्डच्या टेकड्यांमधून येतो आणि गावाला बरोबर मधून चिरतो. एका काठावर आम्ही, जुन्या काळी ट्रियरच्या आर्चबिशपची रयत, कॅथलिक. दुसऱ्या काठावर सायनच्या काउंटची रयत, प्रोटेस्टंट. आर्चबिशप गेले, काउंट गेले, प्रशियाचा राजा आला आणि तोही गेला. ओढा तेवढा राहिला. चारशे बारा माणसांना दोन चर्चं, दोन दफनभूमी आणि गाणाऱ्यांची दोन मंडळं. प्रत्येक काठ स्वतःला अलीकड म्हणतो आणि समोरच्याला पलीकड. गावाच्या नावातल्या 'झाइफन'चा अर्थ आमच्या बोलीत पाणथळ ओहोळ असा आहे, पण उरलेल्या जर्मनीत त्याचा अर्थ साबण. त्यामुळे फुटबॉलच्या सामन्यात शेजारचे गाववाले आम्हाला "साबण, साबण" म्हणून डिवचतात. तेवढी नव्वद मिनिटं दोन्ही काठ एक असतात.

अल्विना कुठल्याच काठाची नव्हती. ओढा एका ठिकाणी फाटतो आणि पन्नास पावलांवर पुन्हा जुळतो, त्या मधल्या बेटावर राउशांची पाणचक्की होती. तिथे ती जन्मली, माझ्याच वर्षी, अडतीस साली. बाप पलीकडचा, आई आमच्याकडची. अशी लग्नं तेव्हा होत नसत, आणि झाली तर लोक ती विसरत नसत. शाळेत आम्ही तिला 'ओलपायी' म्हणायचो, कारण कुठेही जायचं तर हिला पाणी ओलांडायलाच हवं. ती चिडायची नाही. पाय वर करून बूट दाखवायची, "हे बघ, कोरडे आहेत," आणि आमच्यातलेच दोघंतिघं हसून तिच्या बाजूला जायचे. मला ते तेव्हापासूनच खुपायचं.

माझ्या जळण्याची तारीखसुद्धा मी सांगू शकतो: अठ्ठेचाळीस सालचा मे महिना. आमच्याकडे काही वर्षांनी एकदा शिवेची फेरी निघते. सगळं गाव शिवेवरचे दगड मोजत चालतं, आणि दगड कायम ध्यानात राहावा म्हणून एखाद्या पोराला तिथे उभं करून सणसणीत थोबाडीत ठेवून देतात. मग त्याची समजूत घालायला पावाची गोड गुंडाळी. त्या वर्षी गुंडाळी एकच होती. युद्धानंतर पांढरं पीठ होतं कुठे? तिसऱ्या दगडाशी जुन्या सरपंचांनी मला थोबाडीत दिली आणि गुंडाळी दिली शेजारी उभ्या असलेल्या अल्विनाला, कारण मला मारलेलं बघून ती रडायला लागली होती! गाल माझा, आणि गुंडाळी तिची. तिने अर्धी मला देऊ केली. मी घेतली नाही. अजून वाटतं, घ्यायला हवी होती, भूक सडकून लागली होती.

पुढे मी शिकलो, मास्तर झालो, गावात परत आलो. ती शिवणकाम शिकली आणि पाणचक्की बंद पडल्यावर तिथेच यंत्र मांडून बसली. लग्न केलं नाही. दोन्ही काठांच्या नवऱ्या तिच्याकडून झगे शिवून घ्यायच्या. दोन्ही मंडळांचे झेंडे, बंबवाल्यांचा झेंडा, नेमबाजांचा झेंडा, सगळे तिच्या हातचे. गावात एकमेकांशी न बोलणारी माणसं तिच्या दारात मात्र एकाच बाकावर बसून पाळीची वाट बघत. मी बावीस वर्षं अभिलेखागारात धूळ खाल्ली, गावाचा इतिहास तीन खंडांत लिहिला, आणि माझ्या दारात बाकसुद्धा नव्हता.

माझी बायको हेडविग एकदा आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अल्विनाने शिवलेल्या कपड्यात माणूस आहे त्यापेक्षा बरं दिसतं."

"शिंपीणच ती," मी म्हणालो. "शिवणार नाही तर काय करणार?"

"आणि तू लिहिणारा. तुझ्या लिहिण्यात कोणी बरं दिसतं का?" ती म्हणाली. "पोटात दुखतंय तुझ्या, वेंडेलिन. बडीशेपेचा काढा देऊ?"

आता ढालीचं सांगतो. आसपासच्या सगळ्या गावांना ढाली झाल्या आणि आम्हीच राहिलो, तेव्हा त्या वेळचा सरपंच, आमच्याच काठचा ब्रुनो हास, याने ते काम मला दिलं. मी सात वर्षं झिजलो. माझ्या पहिल्या ढालीत क्रॉस होता, सिंह होता, पाणचक्कीचं चाक, चर्चचे दोन मनोरे, ओंब्या, खाणीतली कुदळ आणि पहिल्या नोंदीचं साल. अभिलेखागारातल्या साहेबांनी ती परत पाठवली. पत्रात लिहिलं होतं, ही ढाल नसून सामानाची यादी आहे. दुसऱ्या वेळी मी सामान कमी केलं, पण लाल वस्तू निळ्या जमिनीवर ठेवली. ढालीत रंगावर रंग चालत नाही, एक रंग आणि एक धातू लागतो, सोनं नाहीतर चांदी. हे मला माहीत होतं! घाईत चुकलं. ती पण परत आली. आणि खरा घोळ तर त्याहून पुढचा होता: क्रॉस आमचा, सिंह त्यांचा, मग मानाच्या उजव्या बाजूला कोण? बारा सदस्य, सहा या काठाचे आणि सहा त्या. दर बैठकीत सहा विरुद्ध सहा.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात अशाच एका बैठकीला अल्विना आली. हातात उशीच्या अभ्र्याएवढं कापड होतं, त्यावर हीच ढाल, कच्च्या टाक्यांनी जोडलेली.

"मी आपलं करून बघितलं," ती म्हणाली. "मला फक्त ओढा हवा होता. बाकी तुमचंच आहे."

"ओढा कशाला?" ब्रुनोने विचारलं.

"माझे आईबाप चाळीस वर्षं एका पलंगावर झोपले. आता बाप त्या काठावर पुरलाय आणि आई या. मध्ये ओढा वाहतो. तुम्हाला वाटतं तो गाव तोडतो. मला तो कुठेतरी एकदा जोडताना बघायचाय."

 मग हाइनर क्लोस, पलीकडचा खानावळवाला, ज्याचा आवाज दोन्ही काठांवर पुरतो, तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण सिंह उजवीकडे पाहिजे."

"उजवीकडेच आहे. बघ की."

हाइनरने मान तिरकी करून बघितलं. सिंह त्याच्या उजव्या हाताला होता. "मग आमचं काही म्हणणं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे क्रॉस डावीकडे?" ब्रुनो उसळला. "आज मला घरात तरी घेतील का?"

अल्विना उठली, त्याच्याजवळ गेली आणि जाकीट मापाला लावावं तसं ते कापड तिने त्याच्या छातीवर धरलं. "उजवा हात वर कर. आता खाली बघ. क्रॉस कुठल्या बाजूला?"

ब्रुनोने खाली बघितलं. "उजव्या."

"मग झालं तर! कपड्याची उजवी बाजू घालणाऱ्याची असते, शिंपिणीची नसते. ढाल पण अंगावरच धरतात ना?"

आधी हाइनर हसला, मग सगळे. बारा विरुद्ध शून्य. आमच्या गावात बारा विरुद्ध शून्य तोपर्यंत फक्त बिअरवर झालं होतं.

मी कोपऱ्यात बसलो होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण ती अगदी बरोबर होती. ढालशास्त्राचा पहिला नियमच तो आहे: उजवी बाजू बघणाऱ्याची नाही, ढाल धरणाऱ्याची. मी तो जाड जाड पुस्तकांतून पाठ केला होता. तिला तो जाकिटांवरून माहीत होता. आणि सात वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की या नियमाने दोन्ही काठांना एकाच वेळी उजवी बाजू देता येते.

"मास्तर, वर्णन तुम्ही लिहा," ब्रुनो म्हणाला. "ती भाषा तुमचीच."

ढालीला चित्रापेक्षा शब्द मोठे. चित्र फक्त सोयीसाठी असतं. वर्णनात जे लिहिलं तेच कायद्याने खरं. अल्विनाने मला आकृती काढून दिली, कपडे बेतायच्या त्या पातळ कागदावर, पलीकडचं आरपार दिसेल असा. डिसेंबरातल्या एका दुपारी मी तो टेबलावर पसरला. चहा घेतला. मग कागद उलटा केला. एवढंच. क्रॉस तिकडे गेला, सिंह इकडे आला. आणि त्या उलट्या कागदावरून मी स्वच्छ अक्षरात वर्णन लिहिलं: उजवीकडे सोनेरी सिंह, डावीकडे लाल क्रॉस.

का केलं, ते सरळच सांगतो. मला हवं होतं की सरकारकडून येणारी, वर्णनाबरहुकूम ढाल रंगवलेली सनद गावासमोर उघडावी, ढाल उलटी निघावी, हाइनर आणि ब्रुनो एकमेकांच्या उरावर बसावेत, आणि सगळं खापर तिच्यावर फुटावं. मग पुन्हा सगळे मास्तरांकडे येतील. तिसरी ढाल माझ्या कपाटात तयार होती.

सनद यायला ऑगस्ट उजाडला. तोवर अल्विनाने मोठा झेंडा शिवून पुरा केला होता, दीड माणूस उंचीचा, सिंहाची आयाळ केसाकेसाने भरलेली. आठ महिने ती त्यावर बसली होती. तिचे डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते, गावात सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही होतं. बंबघरात सगळं गाव जमलं, आलुबुखाऱ्याचे केक कापून ठेवले होते. ब्रुनोने सनद उघडून झेंड्याशेजारी धरली.

"अरे," हाइनर म्हणाला, "हे तर उलटं आहे!"

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. छत्तीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. कुजबुज सुरू झाली, एक जण म्हणाला मुद्दाम केलंय, दुसऱ्याने विचारलं कोणी. अल्विनाने चष्मा लावला, सनद हातात घेतली, वाचली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"चूक माझी," ती म्हणाली. "मास्तरांना कागद देताना मी उलटा दिला. डोळे दगा देतात हल्ली."

"म्हणजे आता सिंह डावीकडे?" हाइनरचा आवाज चढायला लागला.

"इकडे ये, हाइनर." तिने सनद त्याच्या छातीवर धरली. "उजवा हात वर. आता सांग."

हाइनरने खाली बघितलं. "हे तर आधीपेक्षा बरं आहे," तो म्हणाला. "म्हणजे कायद्याने उजवे आम्ही?"

"कायद्याने तुम्ही. आणि समोरून बघणाऱ्याला क्रॉस उजवीकडे. ब्रुनो, तुमच्या चर्चला बघायला लोक समोरूनच येतात ना?"

"समोरूनच येतात," ब्रुनो म्हणाला, आणि त्याने केकचा तुकडा उचलला.

झालं. तिची युक्तीच अशी होती की उलटी केली तरी सुलटीच राहायची. मी तिच्यासाठी खड्डा खणला आणि त्यात पडलं कोण, तर फक्त झेंडा. तो मात्र पुरता गेला. सिंह उसवून दुसऱ्या बाजूला, तोंड फिरवून पुन्हा भरायचा होता. सप्टेंबरात ढाल लागू झाली. झेंडा चढायला पुढचा मे उजाडणार होता.

हेडविगने ऑक्टोबरात विषय काढला. "कागद उलटा होता म्हणे. आणि तुला कळलं नाही?"

"तिने दिला तसा मी घेतला."

"चांगलं. मग आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जाऊन तिच्या सुईत दोरा ओव. तिला भोक दिसत नाही." मी काहीतरी पुटपुटलो. "जातोस," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

त्या हिवाळ्यात मी पाणचक्कीत बसून किती सुया ओवल्या त्याचा हिशेब नाही. लाल, चंदेरी, सोनेरी. ती उसवायची, भरायची, मध्येच कापड डोळ्यांशी नेऊन बघायची. स्टोव्हवर कॉफी असायची. दर अर्ध्या तासाला कोणीतरी डोकवायचं, या काठाचं नाहीतर त्या, एखादी सॉसेज, कोबी, मुरंब्याची बाटली ठेवून जायचं. मी तिथे अपराधी म्हणून बसलो होतो आणि तरी मोजत होतो की आज तिच्याकडे किती जण आले. स्वभावच तो. ती गेली तेव्हाही हेच झालं. दोन्ही पाद्री तिला आपल्याकडे पुरायचं म्हणून भांडले. शेवटी ती आईशेजारी आहे आणि तिच्या थडग्याचा दगड बापाच्या काठावरच्या खाणीतला आहे. माझ्यासाठी कोणी भांडायचं नाही, हे मी तिथे उभा असतानाच मनात मोजून घेतलं.

पण त्या हिवाळ्यात मला एक गोष्ट ऊब देत होती. तिने मला वाचवलं होतं. सगळ्या गावासमोर माझा दोष स्वतःच्या डोळ्यांवर घेतला होता. म्हणजे तिला माझ्याबद्दल काहीतरी वाटत असणार, निदान दया, निदान शाळेची ओळख. मी रात्री अंथरुणात तेवढंच घोळवायचो. गावभर ज्या बाईचं कौतुक, तिने माझ्यासाठी एवढं केलं. चुकीचा रस्ता धरून का होईना, मी तिच्या लेखी कोणीतरी होतो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मला राहवलं नाही. बाहेर बर्फ वितळून ओढ्याला पाणी चढलं होतं, जमिनीतून त्याचा आवाज येत होता.

"अल्विना," मी म्हणालो, "तो कागद—"

"तू उलटा केलास. माहीत आहे." तिने मान वर केली नाही. "मी बेतायच्या कागदावर कोपऱ्यात फुली करते, सुलट बाजू कळायला. कागद परत आला तेव्हा फुली पुसलेली होती. तुझ्याकडे रबर चांगलं आहे."

माझे कान तापले. ती फुली मी पाहिली होती आणि पेन्सिलीचा डाग समजून पुसली होती. मला वाटलं होतं मी नीटनेटकेपणा करतोय.

"मग सगळ्यांसमोर तू स्वतःवर का घेतलंस?"

आता ती सांगेल, असं मला वाटलं. काय सांगावं असं मला वाटत होतं ते लिहायची लाज वाटते, पण मी वाट बघत होतो, शाळेतल्या पोराने निकालाची बघावी तशी.

"तुझं नाव घेतलं असतं तर हाइनर तुझ्यावर धावला असता," ती म्हणाली. "तू पडलास आर्चबिशपवाल्यांचा, मग तुमचे लोक हाइनरवर. सनद राहिली असती बाजूला. ओढा पुन्हा कागदावर यायला आणखी वीस वर्षं. माझ्या डोळ्यांत तेवढी नाहीत."

"म्हणजे ढालीसाठी?"

"मग कशासाठी?" तिने पहिल्यांदाच चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी तो हातात धरून घरी नेला असता. ती खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "तुझा काय संबंध, वेंडेलिन?"

मी आयुष्यभर तिच्याशी शर्यत लावून धावत होतो. तिला शर्यत आहे हेच माहीत नव्हतं. मी तिचं आठ महिन्यांचं काम मातीत घातलं, तिचे उरलेसुरले डोळे एका हिवाळ्यात संपवले, आणि एवढं करूनही मला तिच्या मनात शत्रूची जागा मिळाली नव्हती.

तिने रिकामी सुई माझ्यापुढे धरली. "सोनेरी. आयाळ राहिलीय."

मी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

"हे तुला फार छान जमतं," अल्विना म्हणाली. आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली.